पाडस, मका आणि कुंपण

मराठी वाचणाऱ्या घरांत 'पाडस' हे पुस्तक फार वेळा भेटतं. कुणाला वाढदिवसाला मिळालेलं असतं, कुणी वाचनालयातून आणून परत द्यायचं विसरलेलं असतं. विषय निघाला की माणसं जराशी हळवी होतात आणि कुणीतरी म्हणतंच, "शेवट नाही वाचवत बुवा." त्यानंतर हमखास ज्योडीच्या आईबद्दल एक वाक्य येतं, आणि ते काही चांगलं नसतं. फ्लॅगवर पहिली गोळी तिनं झाडली ना!

(ज्यांनी अजून वाचलं नसेल त्यांनी आधी पुस्तक वाचावं. पुढे शेवटाबद्दलच बोलायचं आहे.)

मला या पुस्तकाबद्दल लिहायचंय ते इतिहासाच्या अंगानं. 'पाडस' ही ऐतिहासिक कादंबरी आहे हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. ऐतिहासिक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गड, तलवारी आणि खलिते येतात. इथे तसलं काही नाही. एक युद्ध आहे, पण ते कादंबरी सुरू होण्याआधीच संपलेलं आहे. रानात राहणारा बारा वर्षांचा मुलगा, त्याचे आईवडील, कुत्री, अस्वल, लांडगे आणि एक हरणाचं पिल्लू, एवढ्यावर सगळं चालतं. पण लेखिकेनं १९३८ साली जे लिहिलं ते साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचं, अमेरिकन यादवी युद्धानंतरच्या फ्लोरिडातलं जग होतं. आणि ते जग कशावर चालत होतं हे नीट पाहिलं, तर फ्लॅगवरच्या त्या गोळीकडे बघण्याची आपली नजरही थोडी बदलते. निदान त्या आईकडे बघण्याची तरी.

आधी पुस्तकाविषयी थोडंसं. मूळ इंग्रजी नाव 'द यर्लिंग'. लेखिका मार्जरी किनन रॉलिंग्ज. १९३९ साली या कादंबरीला पुलित्झर पारितोषिक मिळालं. मराठी अनुवाद राम पटवर्धनांचा, मौजेचा. 'सत्यकथा'चे संपादक म्हणून दुसऱ्यांच्या लिखाणावर आयुष्यभर मेहनत घेणाऱ्या या माणसानं मराठी वाचकाला दिलेली ही भेटच म्हणायची.

नावातली एक गंमत सांगतो. 'यर्लिंग' म्हणजे वर्षाचं झालेलं जनावर. ना पिल्लू, ना पुरतं मोठं. गाईगुरांच्या बाबतीत आपल्याकडे अशा मधल्या वयाला खोंड, कालवड असे नेमके शब्द आहेत. हरणासाठी तसा रुळलेला शब्द नाही. 'पाडस' म्हटलं की अभंगांतून कानावर पडलेलं, आईपासून ताटातूट झालेलं कोवळं पिल्लूच मनात येतं. नाव सुंदर आहे यात वाद नाही, पण मूळ नावातली एक टोचणी त्यात येत नाही. ती म्हणजे, हे जनावर आता पिल्लू राहिलेलं नाही. सगळा घोटाळा तिथेच आहे. पिल्लू दूध पितं आणि पायांशी झोपतं. वर्षाचं हरीण कुंपणावरून उडी मारतं.

रॉलिंग्जबाई मूळच्या रानातल्या नव्हेत. जन्म १८९६ सालचा, वॉशिंग्टनचा. वडील पेटंट कचेरीत नोकरीला. विस्कॉन्सिन विद्यापीठातून पदवी घेतली, लग्न झालं, वर्तमानपत्रांत लिहिलं, आणि १९२८ साली नवऱ्याबरोबर उत्तर-मध्य फ्लोरिडात क्रॉस क्रीक नावाच्या वस्तीवर ७२ एकरांची संत्र्यांची बाग घेतली. १९३३ साली घटस्फोट झाला. बाई मात्र बाग धरून राहिल्या. त्याच सुमारास त्यांचे संपादक मॅक्सवेल पर्किन्स (हेमिंग्वे आणि फिट्झजेराल्ड यांचेही हेच संपादक) यांनी त्यांना सुचवलं की त्या रानातल्या एखाद्या मुलावर पुस्तक लिहा.

रानाची त्यांना ओळख झाली होती ती पाहुणी म्हणून नव्हे. १९३१ साली त्या स्क्रबमधल्या एका मायलेकांच्या घरी काही आठवडे राहून आल्या होत्या. पुढे शिकारींना गेल्या, म्हाताऱ्या माणसांजवळ बसून त्यांच्या लहानपणच्या हकिगती टिपून घेतल्या. बार्नी डिलर्ड नावाच्या जुन्या शिकाऱ्यानं अस्वलाच्या गोष्टी सांगितल्या. आणि पॅट्स आयलंड नावाच्या जागी राहिलेल्या लाँग घराण्यात मुलानं हरीण पाळल्याची हकिगत होती. पुस्तकातलं 'बॅक्स्टर आयलंड' म्हणजे हीच जागा. थोडक्यात, आज ज्याला आपण मौखिक इतिहास म्हणतो तेच काम त्या करत होत्या, फक्त त्यातून प्रबंधाऐवजी कादंबरी निघाली.

आता हे 'आयलंड' म्हणजे पाण्यातलं बेट नव्हे. ओकालाचं स्क्रब म्हणजे खोल पांढऱ्या वाळूवर उगवलेलं खुरटं, दाट झुडपी रान. सँड पाइन, बुटके ओक, पाल्मेटोच्या जाळ्या. पाऊस भरपूर पडतो, पण वाळूत थांबत नाही, सरळ खाली जातो. अशा रानात मधूनच उंच लाँगलीफ पाइनचा एखादा पट्टा लागतो, जिथे जमीन बरी असते. त्या पट्ट्यांना तिथली माणसं बेट म्हणत. समुद्राच्या जागी झुडपं, एवढाच फरक. विहीर नाही. जमीन खचून झालेल्या एका मोठ्या खड्ड्याच्या कडांतून पाझरणारं पाणी घरी वाहून आणायचं. ज्योडीच्या आईच्या हातांकडे बघताना हे पाणी लक्षात ठेवायला हवं.

इथे माणसं राहायला का आली? ज्योडीच्या वडिलांचं, पेनीचं कारण पुस्तकात आहे. माणसांच्या कटकटीपेक्षा रानातली जनावरं त्याला बरी वाटली, म्हणून त्यानं फॉरेस्टर कुटुंबाकडून जमीन विकत घेतली. पण पेनीसारखी माणसं इथे येऊ शकली यामागे आणखी एक इतिहास आहे, आणि तो कादंबरीत जवळजवळ नाही. १८२३ च्या तहानं अमेरिकन सरकारनं सेमिनोल लोकांना फ्लोरिडाच्या मध्यभागात राखीव प्रदेश दिला होता. दहा-बारा वर्षांत तोही नकोसा झाला आणि त्यांना मिसिसिपीपलीकडे हाकलायचं ठरलं. १८३५ साली ओकालाजवळच्या फोर्ट किंगवर सेमिनोल नेता ऑसिओला यानं सरकारी एजंटाला ठार केलं. ते युद्ध १८४२ पर्यंत चाललं, आणि शेवटी काही शे सेमिनोल तेवढे दक्षिणेच्या दलदलीत उरले. लगेच त्याच वर्षी कायदा आला. या भागात येऊन पाच वर्षं राहा, पाच एकर जमीन लागवडीखाली आणा, शस्त्र बाळगून जागेचं रक्षण करा, आणि १६० एकर तुमचे. म्हणजे ज्योडीला जे रान अनादि काळापासून रिकामं असल्यासारखं वाटतं, ते रिकामं केलेलं होतं. बारा वर्षांच्या मुलाला हे ठाऊक असण्याचं कारण नाही. आपल्याला असलेलं बरं.

तर आता मका आणि कुंपण.

बॅक्स्टरांचं पोट मक्यावर चालतं. मक्याची भाकरी, मक्याचा सांजा, घोड्याला मका, कोंबड्यांना मका, डुकरं मारण्याआधी त्यांना पुष्ट करायलाही मका. त्या काळी दक्षिणेतल्या हलक्या जमिनीत मक्याचं पीक एकरी दहा बुशेलांच्या आसपास येई. आपल्या हिशेबात अडीच क्विंटल. आजचा शेतकरी त्याला पीकच म्हणणार नाही. शिकार मिळते, पण रोज मिळत नाही, आणि उन्हाळ्यात मांस टिकत नाही. दुकान म्हणजे नदीकाठचं व्होलुशिया गाव. तिथे जायला दिवस मोडतो, आणि न्यायला हाताशी रोख पैसा नाही. पुढच्या पिकापर्यंत कणगीत जे आहे तेच.

आणि या मक्याला कुंपण आहे. आपल्याला ते साधं वाटतं, पण त्यामागे आपल्या नेमका उलटा कायदा आहे. आपल्याकडे एखाद्याचं गुरू दुसऱ्याच्या शेतात शिरलं की त्याला कोंडवाड्यात घालतात आणि मालक दंड भरून सोडवून आणतो. जनावर सांभाळण्याची जबाबदारी मालकाची. गंमत अशी की आपला तो कायदा, 'कॅटल ट्रेसपास अॅक्ट', १८७१ सालचा, म्हणजे ज्योडीच्या काळाच्या अगदी आसपासचा. फ्लोरिडात तेव्हा रीत नेमकी उलट होती. गुरं आणि डुकरं कानाला खूण करून रानात मोकळी सोडायची, आणि ज्याला पीक वाचवायचंय त्यानं आपल्या पिकाभोवती कुंपण घालायचं. कुंपण घातलं नाही आणि पीक गेलं, तर दोष तुमचा. गुरांच्या मालकांनी आपली जनावरं बंदिस्त ठेवावीत असा राज्यभरचा कायदा फ्लोरिडात व्हायला १९४९ साल उजाडलं.

खुद्द रॉलिंग्जबाईंना याचा अनुभव आला होता. शेजाऱ्याचं एक डुक्कर त्यांच्या फुलझाडांची रोज नासधूस करायचं, तेव्हा एक दिवस त्यांनी बंदूक काढून त्याला गोळी घातली आणि मंडळी जमवून मेजवानी केली. मग शेजारी जाब विचारायला आला. १९४२ च्या 'क्रॉस क्रीक' या पुस्तकात त्यांनीच ही हकिगत सांगितली आहे. बाग वाचवायला जनावर मारणं म्हणजे काय, हे त्या ऐकून लिहीत नव्हत्या.

ज्योडीच्या काळात तर काटेरी तारही नव्हती. ज्या काटेरी तारेनं पुढे अमेरिकेची माळरानं बांधून टाकली, तिचं ग्लिडनचं पेटंट १८७४ सालचं. त्याआधी कुंपण म्हणजे ओंडके फोडून काढलेले लांब वासे, खिळ्यांशिवाय नागमोडी एकावर एक रचलेले. झाड तोडा, फोडा, ओढत आणा, रचा. डुकराला आणि गाईला ते पुरतं. पण तिकडचं हरीण मनात आलं तर सात-आठ फूट उडी सहज मारतं.

एवढं मनात ठेवून कादंबरीतलं ते वर्ष पुन्हा वाचून बघा. लहानपणी आपण ती साहसं म्हणून वाचतो, आणि वाचावीत तशीच. पण प्रत्येक साहसानंतर त्या घरातून काहीतरी वजा होतं. स्लूफूट अस्वल येतं आणि विणारी डुकरीण मारतं. गोष्ट म्हणून थरारक, हिशेबात पुढच्या हिवाळ्याचं मांस गेलं. फॉरेस्टर मंडळी डुकरं पळवतात, ती शोधायला निघालेल्या पेनीला रॅटलस्नेक चावतो. विष शोषून घ्यायला तो समोर दिसलेली हरिणी मारून तिचं काळीज जखमेवर लावतो. औषध म्हणून त्याला काही अर्थ नाही, पण ती तेव्हाची समजूत होती. त्या हरिणीचं पिल्लू म्हणजे फ्लॅग. म्हणजे फ्लॅग या घरात येतो तोच मुळी एका ऋणापोटी. त्याच्या आईच्या जिवावर बाप वाचला, अशी घरातल्या सगळ्यांचीच भावना. ज्योडी आपल्या वाटचं दूध त्याला देतो. पेनी अंथरुणाला खिळलाय, शेतावर काम करणारे हात कमी झालेत.

मग दिवसच्या दिवस कोसळणारा तो पाऊस आणि पूर. रताळी कुजतात, चवळीची वैरण जाते. पुरामागून हरणांवर रोग येतो. तिथले लोक त्याला 'काळी जीभ' म्हणत. चिलटांमार्फत पसरणारा, हरणांना रक्तस्राव होऊन मारणारा हा विषाणूजन्य रोग असावा असं आज मानतात. पेनीला एवढंच दिसतं की रानात हरणं मरून पडलीत. म्हणजे शिकार संपली. शिकार संपली म्हणजे लांडगेही उपाशी, आणि उपाशी लांडगे गोठ्याकडे वळणार. हिवाळ्यात स्लूफूट पुन्हा येतो आणि वासरू नेतो. त्याला मारतात, नाही असं नाही, पण वासरू परत येत नाही.

वसंत येतो तेव्हा त्या घरात हाताशी उरलेलं काय, तर बी आणि अंगमेहनत. आणि तेव्हा फ्लॅग वर्षाचा झालेला असतो. आधी तो तंबाखूची रोपं तुडवतो. ते रोख पैशाचं पीक. मग बुंधा उपटताना पेनीच्या आतून काहीतरी तुटतं आणि तो पुन्हा खाटेवर. मग फ्लॅग मक्याचे कोंब खातो. ज्योडी पुन्हा पेरतो, दिवसभर राबून कुंपण उंच करतो. बारा-तेरा वर्षांचा एकटा मुलगा वाश्यावर वासा चढवतोय, ही मला या पुस्तकातली सगळ्यात जीवघेणी पानं वाटतात, शेवटापेक्षाही. कारण ते कुंपण पुरणार नाही हे वाचकाला त्याच्याआधी कळलेलं असतं. फ्लॅग एवढंही कुंपण ओलांडून आत जातो आणि वर आलेला मका खातो.

आता ती आई. ओरा बॅक्स्टर. तोंडाळ, रागीट, जाडजूड बाई, मुलाला जवळ घेताना दिसत नाही. पण ज्योडीच्या आधीची तिची मुलं एकापाठोपाठ एक गेलीत, आणि त्यांची थडगी घरापासून दूर नाहीत. यापुढे कुणावर जीव लावायचा म्हणजे पुन्हा थडगं खणायची तयारी ठेवायची, असं जिला वाटतं ती बाई हरणाच्या पिल्लाकडे कौतुकानं कशी बघणार? कणगीत किती मका आहे, तीन माणसांना तो किती महिने पुरेल, हे रोज मोजणारी तीच. पेनी कनवाळू आहे आणि आपल्याला आवडतो, पण फ्लॅगला रानात नेऊन मार असं ज्योडीला सांगतो तो पेनीच. ज्योडीच्यानं ते होत नाही. पेनीला उठवत नाही. राहिलं कोण? बंदुकीची सवय नसलेली आई. तिचा नेम चुकतो, फ्लॅग नुसता जखमी होतो, आणि त्याला यातनांतून सोडवायचं काम ज्योडीवर येतं. तिला नीट नेम धरता आला असता तर ज्योडीला ती दुसरी गोळी घालावी लागली नसती. तिनं गोळी क्रूरपणे घातली म्हणणाऱ्यांनी एकदा हेही बघावं की त्या घरात त्या क्षणी दुसरा मार्ग कोणता होता. कोंडवाडा नाही, नुकसानभरपाई नाही. फ्लॅगला दूर रानात सोडलं तर तो घरी परत येणार, कारण त्याला घर आपणच दाखवलंय. विदर्भात डुकरं आणि नीलगाईंसाठी रात्र रात्र जागल करणाऱ्या शेतकऱ्याच्या बायकोला ओरा समजावून सांगावी लागणार नाही.

आपल्याकडे जडभरताची गोष्ट आहे. राज्य सोडून तप करायला बसलेला भरत राजा नदीत पडलेलं हरणाचं पाडस वाचवतो, त्याच्यात गुंततो, आणि मरताना त्याचंच चिंतन केल्यामुळे पुढच्या जन्मी हरीण होतो. तिथे पाडसामुळे धोक्यात आला तो मोक्ष. ज्योडीच्या घरी धोक्यात आली ती भाकरी. पुराणातला राजा नांगर धरत नव्हता, म्हणून त्याला पाडस परवडलं, असं म्हणायचा मोह होतो.

पुस्तकानंतरचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. ज्या फ्लॅगसाठी सारी अमेरिका रडली, त्याच्याच राज्यात १९३० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९४० च्या सुरुवातीला सरकारी मोहिमेत हजारो हरणं गोळ्या घालून मारण्यात आली. कारण काय, तर गुरांना ताप आणणारी गोचीड हरणांच्या अंगावर राहते. तिकडे भुकेचा प्रश्न नव्हता, गुरांच्या धंद्याचा होता. त्या मारणाऱ्यांपैकी कुणाला ओराइतके बोल लागल्याचं ऐकिवात नाही. १९४६ मध्ये एमजीएमनं चित्रपट काढला, ग्रेगरी पेकनं पेनीचं काम केलं, आणि लोक पुन्हा रडले. फ्लोरिडातले लांडगे तोवर संपले होते. अस्वलं मात्र ओकालाच्या रानात आजही चांगल्या संख्येनं आहेत. पॅट्स आयलंडवर आता कुणी राहत नाही. १९०८ साली सगळा टापू राष्ट्रीय वन झाला आणि हळूहळू वस्ती उठली. आता तिथे 'यर्लिंग ट्रेल' नावाची पायवाट आहे. लाँग कुटुंबाची थडगी आणि तो पाण्याचा खड्डा तिथे बघायला मिळतो. कुंपणाची गरज संपली.

मुलांच्या हाती हे पुस्तक द्यावं का, असं काही पालक विचारतात. फार दुःखी आहे म्हणून. द्यावं, असंच मी म्हणेन. मुलांच्या गोष्टींत बहुतेक वेळा कुणीतरी वाईट असतो, त्याला हरवलं की सगळं ठीक होतं. इथे हरीण वाईट नाही, मुलगा नाही, बाप नाही, आईही नाही. जमीन वाळूची आहे आणि मका मोजका आहे. इतिहासात अशा वाळूच्या जमिनीवरच बहुतेक माणसं जगली. त्यांची नावं बखरींत आली नाहीत, आणि त्यांनी काय काय मारून काय काय वाचवलं याची नोंद कुणी ठेवली नाही.

असो. पुढच्या वेळी 'पाडस' हातात घ्याल तेव्हा फ्लॅगसाठी डोळे पाणावतीलच, ते काही टळणार नाही. पण जमलं तर थोडा वेळ ओराच्या कणगीतही डोकावून बघा.